इतिहासाचा शेवटचा तास

२६ जानेवारी २०१६, सकाळी ११
झेंडावंदनाला मनपाच्या शाळेत गेलो. आमच्याच गल्लीच्या टोकाला, उतारावर. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच पाऊल टाकलं. जिलेबी बरी होती. मुख्याध्यापक सखाराम सर म्हणाले, इतिहास-नागरिकशास्त्राचा तास शेवटचा असतो, आणि शाळेत पाणी नाही म्हणून पोरांना त्याआधीच घरी सोडावं लागतं. म्हणजे दिवाळीपासून सहावीला इतिहासच नाही! डोकं सणकलं. देवगिरीच्या सावलीतल्या पोरांना इतिहास नाही?
संकल्प : हा तास मी परत आणणार. कुणाच्या बापाला भीत नाही.

२७ जानेवारी, पहाट
पाण्याचा दिवस. मोटार लावली. नळाला मोटार जोडणं बेकायदेशीर आहे, ठाऊक आहे. पण आमचं घर चढावर. मोटारीशिवाय नळ नुसता सू-सू करतो. शिवाय माझी मोटार किरकोळ. शेजारच्या विश्वजीतची बघा, पाचोडच्या त्याच्या शेतातल्या विहिरीवरचीच उचलून आणली असणार. खरा गुन्हेगार तो. मी फक्त स्वसंरक्षण करतो.

३० जानेवारी
सरांना ठणकावलं, पाण्याचं प्रशासन बघेल, तास मी घेतो, फुकट. सर म्हणाले, पोरांनी घरून बाटल्या आणल्या तर जमेल. जमलं!
विषय : इतिहासाची साधनं. भौतिक, लिखित, मौखिक. तनुजा नावाची आगाऊ पोरगी आहे एक. तिनं विचारलं, साधनं गोळा करून काय मिळतं? म्हटलं, कारण मिळतं. आणि कारण शोधताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही. हे वाक्य सगळ्या वर्गाकडून घोकून घेतलं.
घरी बायकोला, यमुनाला, सगळं ऐकवलं. म्हणाली, घसा बसलाय, गरम पाणी घ्या. या बाईला इतिहासाची जाण नाही.

६ फेब्रुवारी
वेरूळची सहल काढायचं जाहीर केलं. पोरं म्हणाली, पाहिलंय. मग प्रकल्प काय करणार? तनुजा म्हणाली, शाळेला पाणी का येत नाय, त्याचाच इतिहास लिहू. "व्हय सर, व्हय सर" असा गलका झाला.
विषय मला हलका वाटला. पण म्हटलं होऊ द्या. उत्तर मला माहीतच आहे. शहर बेसुमार वाढलं. बायपासकडं अपार्टमेंट उठताहेत, टँकर तिकडं पळताहेत, जायकवाडी आटलंय. पोरं हिंडून-फिरून माझ्याच निष्कर्षावर येणार.
एक नियम घालून दिला : मौखिक साधन बोलत असताना कुणी मध्ये टोकायचं नाही.

१० फेब्रुवारी, पहाट
पाण्याचा दिवस. पोरं उजाडायच्या आत गल्लीत हजर, प्रत्येक घराच्या पाइपला कान लावून! गच्चीवरून पाहिलं, ऊर भरून आला. विश्वजीतच्या दारात बराच वेळ थांबली. बरी खोड मोडली. आमच्या दारातही थांबली, पण ते आदरापोटी.
मोटारीवर गोधडी टाकून ठेवली. आवाजानं पोरांचं लक्ष उडू नये म्हणून.

१२ फेब्रुवारी
विश्वजीत भेटला. म्हणाला, काका, पोरं पाइपला कान लावून बसली, लई लाज वाटली, मोटार काढून टाकली. तुम्ही बी काढा. म्हटलं, माझी केस वेगळी आहे. तो हसला. आजकाल माणसं तत्त्वावर ठाम राहतच नाहीत.

१३ फेब्रुवारी
पोरं यमुनाकडं आली, मौखिक साधन म्हणून. तिनं पोहे केले. मी मध्ये टोकलं नाही, नियम म्हणजे नियम. शिवाय फोनवर होतो. शाळेत बालसभा ठेवलीय, तिचं आमंत्रण पाणीपुरवठ्याच्या साहेबांना देत होतो. कडक बोललो. येताना मोटारी जप्त करणारं पथक आणा म्हटलं, पोरांना प्रशासन कसं चालतं ते दिसू द्या. त्यांच्या डोळ्यांपुढं विश्वजीतची गंमत करायची होती, पण त्यानं आधीच माती खाल्ली. असो. गल्लीत दुसरा कोणी सापडेल.
यमुनाला विचारलं, काय सांगितलंस पोरांना? म्हणाली, विचारलं ते सांगितलं.

२० फेब्रुवारी, दुपार
बालसभा. मला शाल, नारळ. साहेब आले, पथकही आणलं. माणूस शब्दाचा पक्का.
मग तनुजा उभी राहिली. भौतिक साधन : पाइपची थरथर. मौखिक साधन : यमुना आजी. आजी म्हणाल्या म्हणे, पाण्याच्या दिवशी आमची मोटार पहाटेपासून चालते, टाकी भरून अंगणात पाट वाहतो तरी हे बंद करत नाहीत, खाली त्याच पाइपवर शाळा आहे हे मी किती वेळा सांगितलं. निष्कर्ष : माझं नाव. ठसठशीत आवाजात. वर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, कारण शोधताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही! टाळ्या. मीही वाजवल्या. माझंच वाक्य होतं.
मग उठून ठणकावलं. निष्कर्ष एकांगी आहे, दुष्काळाचा संदर्भ नाही, शहरवाढीचा नाही! साहेब मान हलवत होते. पथक तोवर आमच्या घरी पोचलं होतं.
घरी आलो. भयंकर अपमान वाटला, खोटं कशाला लिहू. यमुनाला म्हटलं, घरचा भेदी! ती म्हणाली, साधनाला टोकायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत ना? गोधडी तेवढी पथकानं परत दिली.

२ मार्च
शाळेच्या नळाला धो-धो पाणी. शाळा पूर्ण वेळ भरतेय, शेवटचा तास होतोय. माझी मोहीम फत्ते! कोण म्हणतं हरलो?
तास घ्यायला गेलो. सर म्हणाले, आता आमच्या बाईच घेतात, तुम्ही आराम करा. कृतघ्न डिपार्टमेंट.
आमचा नळ सू-सू करतोय.

४ मार्च
ताठ मानेनं बादली घेऊन शाळेच्या नळावर गेलो. नागरिक आहे, टॅक्स भरतो. नळ सोडला. सखाराम सर लगबगीनं बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, काका, आत इतिहासाचा तास चालू आहे, बादलीच्या आवाजात पोरांना ऐकू येत नाही. उद्या मधल्या सुट्टीत या.
अर्धी बादली घेऊन परत आलो.