वाळूची पोती

भाऊजी,

नाही हो, इंजिनात काहीच खोट नाही! तिसऱ्यांदा खोलून बसलात, वर पाने मलाच पुसायला लावता. तुमच्या भावाची जुनी पिकअप आपण दोघांनी वर्षभर खपून शर्यतीची केली. पण शर्यतीच्या दिवशी म्हणालात, "वहिनी, तुम्ही टाळ्या वाजवा," आणि स्वतः चढलात. झेंडा पडला, मागची चाकं जागीच गरगरली, लोक खो खो हसले.

मागून हलकी गाडी, चाकांना जमिनीची पकड मिळावी म्हणून मागे वाळूची पोती टाकली होती. म्हणजे दोष इंजिनाचाच, असं तुमचं म्हणणं. हे पत्र तुम्हाला द्यायची छाती नाही, म्हणून खरं लिहिते. पोत्यांतली वाळू काढून मी भुसा भरला होता. गाडी मला चालवायची होती.

तुमची आगाऊ वहिनी