नेहमीसारखा आवाज

मंगळवार, ३ फेब्रुवारी

१. दापोडीत, रुळांमागच्या गल्लीत सकाळी पोहोचले. दोन शहरांना जोडणारी नवी वेगवान गाडी या घरांसमोरून, खांबांवरून जाणार आहे.
२. सुमनताईंच्या पाळणाघराच्या गच्चीवर मीटर लावला.
३. काम एवढंच : गाडी येण्याआधी, आज इथे किती आवाज असतो ते मोजणं.
४. दिवसाची सरासरी ७८ डेसिबल. अंदाज साठ-पासष्टचा होता.
५. मीटर पुन्हा तपासला. बरोबर आहे.

गॅरेजांमधले सगळे ग्राइंडर एकदम चालू. सायलेन्सर काढलेली एक मोटारसायकल सारखी ये-जा करत होती. खाली बाळं दिवसभर रडत होती. सगळी एकाच वेळी?

हे कुठे नोंदवलं नाही. तक्त्यात आकड्याचाच रकाना आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

वायरचं वेटोळं गच्चीवर राहिलं होतं, ते आणायला गेले. सुमनताई हसतच दारात आल्या. "किती भरला गं आवाज? आमी काय कसर ठेवली न्हाई! लेकरू पेंगलं की मी उठवायचे."

हे डोकं हिंदुरावांचं. स्पेअर पार्टचं दुकान त्यांचं, गल्लीत शब्दही त्यांचाच चालतो. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं — जितका आवाज जास्त, तितकी भरपाई जास्त.

उलट आहे! आवाजाची भरपाई कुणालाच मिळणार नाही. मिळाली तर आवाज अडवणारी भिंत मिळेल, आणि तीही आज जिथे शांतता आहे तिथे. पासष्टच्या वर गेलेली गल्ली आधीच गोंगाटाची धरतात. तिथे भिंत नाही.

सुमनताईंना हे समजावलं. त्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या, त्या थांबल्या. "म्हंजे गाडी सुरू झाली की लेकरं झोपायची न्हाईत? आन् मग आयांनी कंपनीत जायचं कसं?"

वेटोळं घेऊन निघाले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तळवड्याच्या ऑफिसात दिग्विजय सरांना सगळं सांगितलं. "आवाज त्यांनी केला, मीटरने ऐकला. तू कशाला मध्ये पडतेस?" पुन्हा मोजू द्या म्हटलं. शेवटी म्हणाले, "एकदाच. गल्लीला रीतसर नोटीस देऊन. आणि वीस तारखेला अहवाल जाणार, हे लक्षात ठेव."

शनिवार, ७ फेब्रुवारी

नोटीस लावायला गेले. हिंदुराव दुकानातूनच ओरडले. "मॅडम, तुमच्या मशीनला पाहिजे तरी काय राव? ओरडू का गप बसू?"

"नेहमीसारखं राहा."

"आता नेहमीसारखं म्हणजे कसं, तेपण तुम्हीच सांगून ठेवा!"

सगळे हसले. मीही थोडी.

मंगळवार, १० फेब्रुवारी

४९.

दुकानं बंद. शादाब मेकॅनिकने ती मोटारसायकल इंजिन बंद करून ढकलत नेली. कुकर कुणीच लावला नाही. बाळं गाढ झोपलेली. सुमनताई दारात पदर तोंडाशी धरून खोकला दाबत होत्या. एका मुलीने चहा आणला आणि साखर किती, ते बोटांनी विचारलं! रुळांवरून नेहमीची लोकल गेली तेव्हा सगळे तिच्याकडे रागाने बघत होते.

निघताना हिंदुराव कानाशी येऊन कुजबुजले, "आता झालं ना बरोबर?"

असा दिवस या गल्लीत कधीच नसतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सर म्हणाले, "दोन्ही नोंदींवर सही तुझीच आहे. कुठला तरी एक निवड."

४९ लिहिलं की भिंत उभी राहते. कुणाचं नुकसान नाही. कुणी विचारणार नाही. मग ७८ कशासाठी खोडायचं? खोटं म्हणून! आणि ४९?

खरा आकडा पासष्टच्या कुठल्या बाजूला पडेल, मला माहीत नाही. भीती त्याचीच आहे. खोट्या आकड्याची नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अम्मी म्हणाली, "जेवताना तरी ते मोजणं बंद कर." मी काही मोजत नव्हते. ताटाच्या कडेवर बोटं वाजत होती.

रविवार, १५ फेब्रुवारी

दापोडीला जाऊन आले. पाळणाघर बंद होतं. सुमनताईंनी गच्चीची किल्ली दिली आणि हळूच विचारलं, "आज कसं ऱ्हायचं आमी? बोलू का नको?"

बोला म्हटलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

१० तारखेला गच्चीवरून उतरताना राखीव मीटर पाण्याच्या टाकीमागे चालू ठेवून आले होते. या वहीतही लिहिलं नव्हतं. काल किल्ली घेऊन तोच काढून आणला. आज सरांना मेल पाठवला, तो असा :

"सर, ३ आणि १० तारखेच्या माझ्या दोन्ही नोंदी मी मागे घेत आहे. राखीव मीटर ११ ते १४ तारखेपर्यंत पाळणाघराच्या गच्चीवर आवाज मोजत होता. तुमची परवानगी घेतली नव्हती. गल्लीत कुणालाही माहीत नव्हते. आकडे मी अजून पाहिलेले नाहीत. ते काहीही निघाले तरी तेच अहवालात जातील का, हे ते उघडण्याआधी ठरावे. बुधवार, १८ फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे. — शिफा"