बहनजींनी खोडलेला विषय

बहनजी,

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून भिंतीला हात लावता का? सरदारजींचा खोकला थंडीत वाढायचा, तो आता बरा असेल. धाकट्या सुनेची पाठ, तिचा तो अडखळत बोलणारा मुलगा, आणि साऱ्या गल्लीवर भुंकून माझ्यापुढे मात्र शेपूट हलवणारी तुमची कुत्री, सगळी कशी आहेत? तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे का मला ठाऊक नाही? पण तुमच्याकडे एकेकाची विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलू दिलं जात नसे, ती सवय अजून सुटलेली नाही.

मी सध्या मोहालीत, एअरोसिटीत मुलीकडे आले आहे. तुमच्या वेळी इथे नुसती शेतं होती. आता डोक्यावरून विमान गेलं की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. काल नात अकरावीचा फॉर्म भरत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. म्हणाली, "आजी, मैं मैथ्स छोड़ रही हूँ. कौन टेन्शन ले, यार." मी विचारलं, पुढे काय व्हायचंय? आर्किटेक्ट, म्हणाली. म्हटलं, मग आधी त्या कॉलेजची प्रवेशाची अट बघ, विषय नंतर लिही. तिने मोबाइलवर शोधलं, गणिताशिवाय प्रवेश नाही असं वाचलं आणि फॉर्म पुन्हा पुढ्यात ओढला. मला तुमची इतकी आठवण आली की पदर डोळ्यांना लावत मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आम्ही बदलीवर इथे आलो तेव्हा मी जेमतेम दहावी पास, कडेवर दोन वर्षांची मुलगी, आणि डोक्यात गणिताची शिक्षिका व्हायचं वेड. पंजाब पेटलेला, दिवस असे की रोज पेपरात गोळीबार, बस थांबवून माणसं उतरवल्याच्या बातम्या. अंधार पडायच्या आत ज्याची त्याची दारं बंद. सासरहून पत्रं यायची, शिखांचा शेजार बदला म्हणून. आणि मी दुपारची भांडी आवरली की मुलीला घेऊन तुमच्याच व्हरांड्यात.

बारावीला बाहेरून बसायचं ठरवलं ते तुमच्याच नादाने. पण फॉर्म मात्र मी हुशारी करून एकटीनेच भरला. हिंदी, इंग्रजी, मराठी, इतिहास, नागरिकशास्त्र. मराठीत हमखास मार्क मिळतील, नागरिकशास्त्र एकटीने वाचून होईल, इतिहास तुम्ही शिकवाल, कारण उभं आयुष्य तुम्ही इतिहासच शिकवलात आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालात. फॉर्म दाखवायला आले तेव्हा तुम्ही उन्हात मटार सोलत बसला आहात. माझ्यासाठी व्हरांड्यातलं ते ऊन अजून हललेलं नाही. तुम्ही चष्मा लावता, एकदा वाचता, परत वाचता.

"गणित कित्थे है, पुत्तर?"

मी सांगते, गणित कॉलेजात गेल्यावर घेईन, आधी बारावीचा कागद तर हातात येऊ दे. तुम्ही उठता. आत जाता, फ्रिजवरून विद्यापीठाचं माहितीपुस्तक आणता आणि ते मागून उघडता. लोक अशी पुस्तकं पुढून वाचतात, कॉलेजच्या इमारतीचे फोटो बघतात. तुम्ही नेहमी शेवटची पानं आधी वाचायचात, अटींची. बोट ठेवून म्हणालात, पढ़. मी वाचलं. बारावीला गणित नसेल तर पुढे ते घेता येणार नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"पहले ये देख कि उतरना कहाँ है. फिर बस में बैठ. तू तो जो बस सामने आई, उसी में चढ़ गई."

मला राग आला. खरं कारण काय ते मी बोलून टाकलं. गणिताला हात लावून अकरा वर्षं झाली, क्लास दोन सेक्टर पलीकडे आणि तोही संध्याकाळी, तेव्हा माझं मन आधीच हरलं होतं. तुम्ही ते ऐकून घेतलंत. म्हणालात, विषय पाचच घेता येतात, मराठी काढ, ती तर तुला येतेच. मी म्हटलं, ती नाही काढणार, या गावात ती माझ्याजवळ एवढीच उरली आहे.  मग माझ्याच पेनाने इतिहासावर काट मारलीत आणि वर गणित लिहिलंत. तुम्हाला शिकवता येणारा एकच विषय तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलात, आणि पुन्हा मटार सोलायला लागलात.

गणित तुम्हाला येत नव्हतं. तरी रोज दुपारी माझ्यासमोर बसायचात. मी पुस्तकातून गणित सोडवायचं आणि तुम्हाला समजवायचं; तुम्हाला कळलं तर ते मला आलं, असा आपला हिशेब. तुम्ही मुद्दाम अडून बसायचात. "मैं मोटी अकल की हूँ, दुबारा बता." एकेक गणित तीन-तीनदा. शिकवणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी शिकले. पुढे बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तर तुमच्या जागी कोणीतरी बसलंय असं समजूनच.

गणिताच्या पेपरच्या दिवशी बंद होता. पेपर होणार की पुढे गेला, कोणालाच माहीत नाही, हे दौऱ्यावर, रिक्षा नाही.  तुम्ही मुलीला सुनेकडे दिलंत आणि ते दुखरे गुडघे घेऊन माझ्याबरोबर चालत निघालात. नाक्यावर जवानाने माझी कंपासपेटी उघडली, आतला टोकदार कंपास काढून उलटसुलट बघितला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बेटा, इससे गोल बनता है, और कुछ नहीं." तोही हसला. पेपर झाला. तीन तास तुम्ही फाटकाबाहेर रुमाल अंथरून बसला होतात.

पास झाले. लगेच आमची बदली सोलापूरला झाली, तिथे कॉलेजात गणित मिळालं. त्यानंतरचं तुमचं एकच पत्र माझ्याजवळ आहे, निळ्या अंतर्देशीवर, हिंदीत. पहिल्या वर्षाचा निकाल काय लागला, विचारलंय. शेवटी लिहिलंय, जवाब जल्दी देना.

मी उत्तर दिलं नाही. टपाल हरवलं असं मी ह्यांना सांगितलं, मुलीला सांगितलं. ते खोटं होतं. मी गणितात नापास झाले होते, बहनजी. ज्या विषयासाठी तुम्ही तुमचा विषय खोडलात, त्यातच. म्हटलं, पास होऊ आणि मगच लिहू. पुढच्या वर्षी पास झाले, त्याच दिवशी लिहिलं, आणि उत्तर आलं ते तुमच्या सुनेचं.

हे पत्र वहीतच राहील. नातीने फॉर्मवर गणित लिहिलंय. तिचं अकरावीचं पुस्तक मी चाळून पाहिलं, बरंचसं मला आता कळत नाही. आज दुपारपासून ती मला समजावणार आहे, आणि मी अडून बसणार आहे.

सगळ्यांना सांगा मी विचारलंय म्हणून. आणि जवाब जल्दी देना.