चौथ्या मजल्यावरची फाइल

क्लूनारा, जिल्हा लेट्रिम
शनिवार, ता. ११ ऑक्टोबर १९८६, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे

ती. डिंफनाताईस,
धाकट्या कोलमनचा स. न. वि. वि.

कोंबड्या आत घेतल्या, हात धुतले, टेबलावरचं मेणकापड पुसलं आणि लिहायला बसलो. मंत्र्यांकडून आलेली तिन्ही पत्रं समोर ओळीने मांडली आहेत. वाचून वाचून ती पाठ झाली. पण बाबांचं काम झालं, होणार आहे, की होणारच नाही, ते मात्र अजून कळलेलं नाही. तू डब्लिनला सरकारी कचेरीत टायपिस्ट आहेस, म्हणून तुला विचारतो.

पहिल्या पत्रात लिहिलं आहे, की विषयाकडे लक्ष दिले जात आहे. दुसऱ्यात, की विषय विचाराधीन आहे. तिसऱ्यात, की विषय सक्रिय विचाराधीन आहे. दुसऱ्यापेक्षा तिसरं बरं असावं. पण मग पहिल्यातलं लक्ष कुठे गेलं?

बाबांचं मांडीचं हाड छान जुळलं आहे. काठी घेऊन इस्पितळातल्या वॉर्डाच्या टोकापर्यंत जातात आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला एकेक टोमणा मारत येतात. पण मेट्रनबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की घरात न्हाणीघर आणि संडास झाल्याशिवाय त्या त्यांना सोडणार नाहीत. अंगण ओलांडून जायचं वय आता राहिलं नाही. तीस नोव्हेंबरपर्यंत निदान त्यासाठीचं सरकारी अनुदान मंजूर झाल्याचा कागद दाखवला, तर बांधकाम होईपर्यंत त्या खाट राखून ठेवतील. नाही तर बाबांना मागच्या इमारतीत हलवणार. मागच्या इमारतीतून कोणी घरी परत आल्याचं आपल्याकडे कोणालाच आठवत नाही. अनुदानाशिवाय बांधणं आपल्याला परवडत नाही, आणि इन्स्पेक्टर पाहून जायच्या आत एक वीट जरी रचली, तरी अनुदान बुडतं.

म्हणून मी आपल्या भागातून संसदेत निवडून गेलेल्या डेप्युटी टिमलिन यांच्याकडे गेलो. रागावू नकोस. आपण आजोबांपासून दुसऱ्या बाजूचे, हे मला ठाऊक आहे. पण आपला माणूस विरोधात बसतो आणि हे मंत्र्यांच्या पाठीमागच्याच बाकावर. हेस्लिनच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी ते लोकांना भेटतात. मला पाहिल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, की तू गिलहूलींचा ना, टिमलिनला मत दिलं तर हात झडेल म्हणणाऱ्याचा? बाकावर बसलेले सगळे हसले. मग मात्र त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं आणि बजावलं, की दर आठवड्याला येऊन आठवण करून दे, मी त्या कचेरीतल्या लोकांना झोपू देणार नाही. मी एकही शनिवार चुकवलेला नाही.

तरी एक गोष्ट मनाला लागली आहे. गावातल्या मॅकटर्ननने याच अनुदानासाठी आपल्यानंतर तीन आठवड्यांनी अर्ज केला आणि त्याच्याकडे इन्स्पेक्टर येऊनही गेला. कोणाला धरलंस, असं मी विचारलं, तर आईची शपथ घेऊन म्हणाला, की कोणालाच नाही. म्हणजे वशिला इतका मोठा असणार, की नाव घ्यायचीही सोय नाही.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
कोलमन

*

डब्लिन
गुरुवार, ता. १६ ऑक्टोबर १९८६

चि. कोलमन यास,
डिंफनाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि हसता हसता माझा थांबा चुकला. सक्रिय विचाराधीन म्हणजे काय, ते मी नऊ वर्षं टाइप करते आहे आणि मलाही ठाऊक नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. स्वल्पविराम कुठे, एवढंच विचारतात.

आता हसणं पुरे. बसून वाच.

तुमचे अर्ज ज्या कचेरीत जातात तिथे ऊना नावाची माझी एक मैत्रीण आहे. काल जेवणाच्या सुट्टीत तिला सहज विचारलं. गावाचं नाव ऐकताच तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, ते गिलहूली तुमचे का? त्या फाइलला आम्ही पाहुणी म्हणतो, कधी घरी म्हणून नसतेच.

ती सांगते ते असं. सगळ्या फाइली तारखेप्रमाणे फळीवर असतात. दर सोमवारी जिल्ह्याच्या इन्स्पेक्टरसाठी वरच्या बारा काढून गठ्ठा बांधतात. पण एखाद्या डेप्युटीचं पत्र आलं, की ती फाइल उचलून, हिरवं आवरण घालून चौथ्या मजल्यावर मंत्र्यांच्या कचेरीत न्यावी लागते. तिथे उत्तराचा मसुदा होतो, तो तपासतात, सही होते, मग फाइल खाली येते. आठ-दहा दिवस जातात. मधल्या सोमवारी जी फाइल फळीवर नाही, ती गठ्ठ्यात कशी जाणार? तुझी फाइल खाली उतरते तोवर टिमलिनचं पुढचं पत्र दारात उभं असतं. ऊना म्हणाली, की तुझ्या भावाने कोणाला काही सांगितलं नसतं, तर इन्स्पेक्टर सप्टेंबरातच येऊन गेला असता.

मॅकटर्ननचा वशिला कळला ना आता? तो खरंच कोणाकडे गेला नव्हता.

आणखी वाईट बातमी. टिमलिनने येत्या मंगळवारी नव्हे, त्यापुढच्या, म्हणजे अठ्ठावीस तारखेला, सभागृहात तुमच्याबद्दल प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. प्रश्न म्हटला की फाइल निदान तीन आठवडे वर. तेव्हा जा आणि त्यांना थांबव. मात्र ऊनाचं किंवा माझं नाव निघालं, तर आम्हा दोघींना घरी बसावं लागेल, हे ध्यानात ठेव. आणि जेवत जा. तुझं अक्षर बारीक झालं आहे, म्हणजे तूही झाला असशील.

तुझ्या काळजीत असलेली,
डिंफना

*

क्लूनारा
शुक्रवार, ता. २४ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
कोलमनचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. ज्याने आपलं काम करायचं कबूल केलं, त्याला काम करू नका म्हणून कसं सांगतात, याचा विचार करण्यात शनिवार निघून गेला. हेस्लिनच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटी बुधवारी म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या अंत्यविधीला ते भेटले. ते कोणाचाच अंत्यविधी चुकवत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. कबरस्तानाच्या फाटकापाशी उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. माझी पाळी आली. पोस्टमास्तर गेल्याचं दुःख व्यक्त करायच्या ऐवजी मी म्हणालो, की साहेब, तो प्रश्न मागे घ्या.

त्यांनी माझा हात सोडला नाही, पण दाबायचं थांबवलं. हळूच विचारलं, की कोणाकडे गेलास? मी म्हणालो, कोणाकडेच नाही. ते म्हणाले, की माणूस माझ्याकडून दुसऱ्याकडे गेल्याशिवाय असं बोलत नाही. ऐन अंत्यविधीला येऊन माझ्या तोंडावर फाटक आपटतोस होय रे? मागे रांग खोळंबली होती. मी खोटं बोललो. म्हणालो, की बाबांना हे कळलं आहे; टिमलिनच्या तोंडून माझं नाव सभागृहात गेलं तर मी मागच्या इमारतीत मरेन पण घरी जाणार नाही, असं ते म्हणतात.

डेप्युटींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, की ताठ म्हातारा आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. प्रश्न काढून घेतो म्हणाले. मी घरी येईपर्यंत जवळजवळ आनंदात होतो.

पण काल संध्याकाळी ते थेट बाबांच्या वॉर्डात गेले. बाबांची समजूत घालायला! मी पोचलो तेव्हा ते निघून गेले होते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. एवढंच म्हणाले, की मला न विचारता माझं नाव त्या माणसाच्या दारात नेलंस, आणि वर जे मी बोललो नाही ते माझ्या तोंडी घातलंस. मी म्हणालो, की तुम्हाला घरी आणायचं होतं. ते म्हणाले, कोणाच्या घरी?

त्यानंतर ते बोलले नाहीत. मी केलं ते बरोबर की चूक, ते तू सांग. मला आता दोन्ही सारखंच दिसतं.

लोभ असू दे, मी तो सांभाळीन.

कोलमन

*

डब्लिन
मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर १९८६

चि. कोलमन यास अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. प्रश्न मागे घेतला गेला, आणि फाइल गुरुवारी खाली उतरली. ऊनाने स्वतः फळीवर ठेवली. काल सोमवारच्या गठ्ठ्यात ती गेली, सातवी. इन्स्पेक्टर येईल त्या दिवशी घरी थांब, चहा दे, आणि कृपा करून एक शब्दही बोलू नकोस. ना टिमलिनबद्दल, ना माझ्याबद्दल, ना पत्रांबद्दल. जागा दाखव आणि बाजूला हो.

बाबांना मी वेगळं लिहिलं आहे, की तुम्ही मला नऊ वर्षांत एकदाही पत्र लिहिलं नाहीत, तेव्हा अबोला धरायचाच असेल तर आधी माझ्याशी धरा, माझा नंबर पहिला. बघू या.

तुझी ताई,
डिंफना

*

क्लूनारा
रविवार, ता. २१ डिसेंबर १९८६

ती. डिंफनाताईस,
कोलमन व बाबा यांचा नमस्कार व आशीर्वाद. कोणाचं काय ते तू समजून घे.

बाबा शुक्रवारी घरी आले. मंजुरीचा कागद सव्वीस नोव्हेंबरला आला होता; तो पाहून मेट्रनबाईंनी खाट राखली आणि गवंड्याने शब्द पाळून न्हाणीघर आणि संडास वेळेत बांधून दिले. काल सकाळी बाबा आपले आपण न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. मी दारापाशी उभा होतो. आतून ओरडले, की या घरात माणसाला थोडा निवांतपणा मिळेल का? त्या वॉर्डातल्या संध्याकाळनंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आता जे लिहितो ते मला कळलेलं नाही. मंजुरीच्या आदल्या दिवशी डेप्युटींचं पत्र आलं, की माझ्या अखंड पाठपुराव्याला यश आले हे कळवण्यास आनंद वाटतो. सरकारी कागदाच्या आधी त्यांचं पत्र! मी ते कपाटात ठेवलं. काल दुपारी ते स्वतः आले. वाटलं, बाबा उंबऱ्यावरूनच परत पाठवतील. पण बाबा म्हणाले, की वॉर्डात भेटायला आला होता, आता घरात ये, दार उघडंच आहे. मी चहा केला. डेप्युटी म्हणाले, की प्रश्न मागे घेतला खरा, पण त्याच दिवशी मंत्र्यांना सभागृहाबाहेर गाठलं आणि दोन शब्द कानात घातले. सभागृहात ओरडण्यापेक्षा तेच लागू पडतं.

ताई, ते खरं असेल का? ऊना म्हणते सातवी फाइल, हे म्हणतात दोन शब्द. दोन्ही एकाच आठवड्यातलं आहे. मी तारखा लावून पाहिल्या, आणि कोणालाच खोटं ठरवता येत नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की मत मी तुला देणार नाही, ते मनातही आणू नकोस. डेप्युटी म्हणाले, की हात झडलेला मलाही बघवणार नाही. दोघं हसले. मी बाबांना त्या माणसाबरोबर हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आणि मग बाबा म्हणाले, की आलाच आहेस तर एक ऐक; पलीकडच्या कीव्हनीबाईंचं विधवा पेन्शन सप्टेंबरपासून अडकलं आहे, ती बिचारी कोणाकडे तोंड उघडत नाही, तिच्यासाठी काही कर.

डेप्युटींनी खिशातून पेन्सिल काढली.

मी किटली हातात घेऊन उभा होतो. बोलावं, तर तुझं आणि ऊनाचं नाव निघणार. न बोलावं, तर कीव्हनीबाईंची फाइल जिना चढणार. त्यांच्या कपात चहा ओतत राहिलो, तो बशीत सांडला.

ते गेल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, की काम असं करून घ्यायचं असतं, समोरासमोर, आणि दुसऱ्यासाठी. इतके दिवस माझ्यावर धरलेला राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. नव्या वर्षापासून दर शनिवारी मी हेस्लिनकडे जाऊन कीव्हनीबाईंची आठवण द्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांनी बाईंना तसं सांगितलंही. त्या आज प्रार्थनेनंतर गरम सोडा-ब्रेड फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, की तुम्ही गिलहूली माझ्या पाठीशी आहात, आता मला कसली काळजी नाही.

ब्रेड चांगला झाला होता. माझ्या वाटणीचा मी बाबांच्या ताटात ठेवला.

पहिला शनिवार तीन जानेवारीला आहे. जाऊ की नको, ते त्याआधी कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथेच थांबलो आहे.

तुझ्या मायेत वाटा मागणारा,
कोलमन