उशिरा येणारं हसू

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. मी फोन सोडून कागदावर लिहायला बसलोय म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर आधी माझं ब्लडप्रेशर येणार आणि मग माझी नोकरी, हे मला माहीत आहे. दोन्ही जागच्या जागी आहेत. आज सुट्टी आहे, घरात मी एकटाच आहे, आणि कामावर एक अशी गंमत चालू आहे की ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. गंमत म्हणतोय खरा, पण ते तू शेवटी ठरव.

आमची ‘मध्ये पडू नका’ मालिका पुन्हा सुरू झाली, हे तुला कळलंच असेल. सोळा वर्षांनी. तेच घर, तीच माणसं, फक्त सगळ्यांच्या अंगावर सोळा वर्षं चढलेली. आजोबा अजून मुलाशी सुनेमार्फतच बोलतात, मग मुलगा समोरच्या खुर्चीत का बसलेला असेना. चार दिवसांसाठी आलेली आत्या अजून गेलेली नाही. फ्रिजला अजून कुलूप आहे आणि किल्लीवरून अजून घर डोक्यावर घेतलं जातं. मीही तिथेच आहे. तेव्हा साउंडच्या खोलीत सगळ्यांत धाकटा होतो, आता सगळ्यांत म्हातारा आहे, आणि मशीन अडलं की मला हाक मारतात. फरक एकच. तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी एकशेवीस माणसं समोर बसवून चित्रण व्हायचं, त्यांच्या डोक्यांवर माइक टांगलेले असायचे आणि त्यांचं खरंखुरं हसू मालिकेत ऐकू यायचं. आता प्रेक्षक नाहीत. आमच्या नव्या दिग्दर्शिकेचं म्हणणं असं की कुठे हसायचं हे आजच्या लोकांना सांगावं लागत नाही. मलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर जरा हायसंच वाटलं होतं.

पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रतिक्रियांचा खच पडला. मी चहाच्या सुट्टीत त्या वाचत बसतो. आता तर व्यसनच लागलंय म्हण. आत्याने केस काळे का केले यावर दोनशे लोक भांडतात. फ्रिज जुना की नवा हे सिद्ध करायला एकाने दाराच्या कडीचे फोटो जोडलेत. एका बाईंनी लिहिलंय, हे सगळं आमच्या सासरी रोज चालतं, तुम्हाला आत सोडलं कुणी? मी एवढा हसलो की चहा नाकात गेला. लोक स्वतःच्या घराबद्दल कधी बोलणार नाहीत इतक्या मायेने या खोट्या, भांडकुदळ घराबद्दल बोलतात. आणि मग त्या ढिगात एका ‘जुना टीव्ही’ नावाच्या माणसाने एवढंच लिहिलं होतं, सगळं आहे हो, पण ती नाही. कुणीतरी विचारलं, ती कोण? उत्तर आलं, उशिरा हसणारी बाई.

झालं. जो तो म्हणायला लागला, अरे हो, मलाही आठवतेय. सगळे हसून गप्प झाले की दीडेक सेकंदाने एकटंच हसणारं कुणीतरी. आधी श्वास अडकल्यासारखा आवाज, मग बारीक, चढत जाणारं हसू, आणि शेवटी दोन उचक्या. एकाने लिहिलं, आमच्या घरी विनोदावर नाही, तिच्यावर हसायचे. एक म्हणतो, ते लहान मूल असणार. एक म्हणतो, पैसे देऊन बसवलेली बाई होती, तिला इशारा उशिरा मिळायचा. एकाची खात्री आहे की ते मशीन आहे आणि साउंडवाल्यांचा खोडसाळपणा आहे. ते वाचून माझा खोडसाळ हात फोनवरच गारठला. एका मुलीने लिहिलंय की तिची आजी आजारी असताना त्या दोघी मिळून त्या हसण्याची वाट बघायच्या. विनोद ऐकायचा, मग श्वास रोखून थांबायचं, आणि ते आलं की मग दोघींनी हसायचं. ती विचारत होती, त्या बाई असतील का अजून?

तुला तर पहिल्या ओळीतच कळलं असणार. ती बाई म्हणजे आपले बाबा. जन्मात एक आवाज न ऐकलेला माणूस अख्ख्या प्रेक्षकांतून लोकांच्या कानात राहिला. आणि उशीर व्हायचा तो तुझ्यामुळे. दुसऱ्या रांगेत त्यांच्याकडे अर्धं वळून तू बसायचीस आणि हातांनी सगळं सांगायचीस. मी वरच्या काचेच्या खोलीतून तुम्हा दोघांकडे बघायचो. मंचावर आत्या दोन मिनिटं तोंडाचा पट्टा चालवायची आणि तू नुसते गाल फुगवून बोटाने किल्ली फिरवायचीस, की बाबांचे खांदे हलायला लागायचे. त्याआधी ते खुर्ची तपासायचे, आठवतं? आयुष्यभर सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवलेल्या माणसाला कुठल्याही खुर्चीत सरळ बसताच यायचं नाही. अंगठ्याने शिवण चाचपायची, स्प्रिंग दाबून बघायची, मग शिवणाऱ्याची कीव आल्यासारखी मान हलवायची आणि मगच टेकायचं. एक गोष्ट मात्र मला आजतागायत कळलेली नाही. सतराव्या भागात आजोबा रुसून घर सोडून जातात, सगळं सभागृह चिडीचूप, आणि तिथे बाबा हसलेत. चाहते त्यावर डोकं खाजवतायत. तू असं काय सांगितलं होतंस त्यांना? माझा संशय असा आहे की निम्म्या वेळा तू मालिका सांगतच नव्हतीस, स्वतःच्या पदरची काहीतरी भर घालत होतीस.

आता पुढचं. एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. त्यांनी सगळे जुने भाग पुन्हा बघून तक्ताच केला. कितव्या भागात किती वेळा हसू, किती उशिरा. पहिल्यापासून अडतिसाव्या भागापर्यंत ते जवळजवळ प्रत्येक भागात आहे. एकोणचाळिसाव्यापासून एकदाही नाही. मास्तरांनी खाली लिहिलंय, आकडेवारीवरून दिसतं की त्या बाई मध्येच वारल्या असाव्यात. त्याखाली लोकांनी फुलांची चित्रं टाकलीत, ताई. शेकड्यांनी. आणि आणखी एकाला काय दिसलं बघ. एकोणचाळीस ते पंचेचाळीस या भागांत आत्या प्रत्येक मोठ्या विनोदानंतर पुढचं वाक्य बोलायच्या आधी किंचित थांबते. सगळे हसून झालेत, जागा रिकामी आहे, आणि ती थांबलीय. त्याने विचारलंय, ही कुणासाठी थांबते?

हे वाचल्यावर मी ते सात भाग लावून बघितले. खरंच थांबते. मी स्वतः मिसळलेले आवाज आहेत ते, आणि इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुला मी तेव्हा सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांचे पास बंद झाले. ते खोटं होतं. पास शेवटच्या भागापर्यंत मिळत होते. मी माझे दोन कॅन्टीनवाल्याला देऊन टाकायचो. त्याआधीचं असं की साउंडच्या खोलीत त्या हसण्याची टिंगल चालायची. आमच्या वरिष्ठांनी त्याला ‘लेट गाडी’ नाव ठेवलं होतं. गाडी आली का रे, असं रोज विचारायचे. ते माझे वडील आहेत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवी नोकरी, सगळी मंडळी कानांची उस्ताद, आणि त्यांच्यात मी, जिथे कुणी बोलत नाही अशा घरातून आलेला. सांगितलं नाही इथवर ठीक होतं. पण मी नक्कल करायचो. तो अडकलेला श्वास, ते बारीक हसू, त्या उचक्या, आणि खांदे. मला ती सगळ्यांत चांगली जमायची, जमणारच ना. अडतिसाव्या भागाच्या दिवशी चित्रण संपलं, तू खाली स्कूटर काढायला गेलीस आणि बाबा एकटेच जिना चढून वर आले. त्यांना आमच्या मशीनचे हलणारे काटे बघायला आवडायचे. मी पाठमोरा होतो, वरिष्ठांनी फर्माईश केली आणि मी गाडी आणली. पाचही जण हसून लोळायच्या बेतात. मी वळलो तर काचेपलीकडे बाबा उभे. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आपल्या पोराने सगळ्यांना हसवलं म्हणून त्यांना केवढं बरं वाटलं असेल, आणि तेही हसायला लागले. काचेतून आवाज येत नव्हता. नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि माझ्याकडे दाखवलं. माझा, म्हणून. वरिष्ठांनी विचारलं, कोण रे हा? आणि मी मशीनकडे बघत म्हणालो, माहीत नाही, खुर्च्या दुरुस्त करायला आला असेल.

मग पास बंद झाले. तरी कितीतरी शुक्रवार ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, असं तूच मला सांगितलं होतंस आणि मीच तुला म्हणालो होतो, त्यांची समजूत घाल. त्यांनी मला एकदाच विचारलं. घरी आलो होतो तेव्हा. हवेत चौकोन काढला आणि तळहातावर दोन बोटं बसवून दाखवली. आम्ही दोघं पुन्हा कधी येऊन बसायचं, हे विचारतायत, मला लख्ख कळलं होतं. मी खांदे उडवले, कळलं नाही असं दाखवलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. मला खुणा समजत नाहीत, असं तेव्हापासून आपल्या घरात ठरून गेलं आणि तू मध्ये बसून सांगायला लागलीस. गेली सोळा वर्षं मी माझ्या वडिलांशी तुझ्यामार्फत बोलतोय.

आता झालंय असं की आत्याचं काम करणाऱ्या बाईंनी मुलाखतीत सांगून टाकलं, मी वाक्य त्या हसण्यासाठी टाकायचे, कोण होतं ते मला बघायचंय. चाहत्यांनी दिग्दर्शिकेला पळता भुई थोडी केली. शेवटी ठरलं की शेवटचा भाग जुन्यासारखा, प्रेक्षकांसमोर करायचा आणि त्या उशिरा हसणाऱ्या माणसाला शोधून पहिल्या रांगेत बसवायचं. शोधायचं काम कुणाकडे आलं असेल, सांगायला नको. मी बघतो म्हणालो. म्हणजे हे किती सोपं आहे बघ. उद्या मी म्हणायचं की तो माणूस सापडला, ते माझेच वडील आहेत म्हणायचं, सगळे डोळे पुसतील, बाबा पहिल्या रांगेत शिवण चाचपत बसतील, आणि चाहते लिहितील, मुलाने केवढं केलं बापासाठी. कुणाला काही कळणार नाही. बाबांनाही नाही. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आनंदाने येतील, हे मला माहीत आहे. भीती वाटते ती याचीच.

तसं मला त्यांना न्यायचं नाही. आधी सांगायचंय, आणि मग यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचंय. नाही म्हणाले तर मी कामावर सांगेन की ती व्यक्ती येऊ इच्छित नाही, आणि का, तेही सांगेन. तुला लिहितोय ते तू त्यांना सांगावंस म्हणून नाही. या वेळी तू सांगू नकोस, माझ्यावर दया येऊन एक शब्दही नको. मी रविवारी दुपारी येतो. बाबा झोपलेले असतील तेवढा तासभर मला दे. मला खुणांनी जेवलात का, औषध घेतलं का, निघतो, एवढंच सांगता येतं, आणि आपल्या घरच्या खुणा कुठल्या पुस्तकात नाहीत. काच, पास, खोटं हे मी कसंही करून दाखवेन. पण मला तुमची लाज वाटली होती, हे हातांनी कसं म्हणतात, ते मला शिकव.

तुझाच,
धाकटा