हरवलेल्या अकराव्या भागाची टेप

मी, कर्स्टी मे हॅडलसी, वय एकोणतीस, नोकरी शहराच्या अभिलेखागारात, राहणार हल, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. बिघाड तिथे आहे, डोक्यात नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी "भीती वाटते का?" असं विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. गेले काही आठवडे मला भीती वाटत नाही आणि दुसरंही काही वाटत नाही. शुद्धीवर असल्याचं लिहून देताना हेही सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रद्द करण्यासारखं काही नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ शेन याने करावी. शेन, तू म्हणशील, "मला कागदपत्रांतलं काय कळतं? शिकलेली तू." तुला वाचता येतं, तेवढं पुरे आहे. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर फोन हातात घेऊ नकोस.

२. माझ्या अंत्यविधीला चंदेरी पोशाखातली माणसं दोनच असावीत. डॅडच्या वेळी त्यांच्या आवडत्या टीव्ही मालिकेचे अकरा चाहते तसे आले होते आणि पाद्रीबाईंना ते अग्निशमन दलाचे वाटले. त्यांनी प्रार्थनेत दलाचे आभारही मानले. कुणी दुरुस्त केलं नाही. शेनला हसू आवरेना म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला, आणि मॉरीन आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मेल्यावरही सर्कस सुटली नाही याची."

३. डॅडच्या घरातला माझा अर्धा हिस्सा शेनला द्यावा. बँकेत जे काही असेल ते शेनची मुलगी रूबी हिच्या शिक्षणासाठी ठेवावं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. शेवटची असू नये, एवढीच इच्छा. तिला विद्यापीठात जायचं नसेल तर सुतारकाम शिकू दे. पण काहीतरी नीट, मुळापासून शिकू दे.

४. डॅडची हत्यारं मोहल्ल्याच्या कार्यशाळेला द्यावीत. डॅड चौतीस वर्षं कॅरॅव्हानच्या कारखान्यात सुतार होते. पटाशांच्या मुठींवर त्यांनी रंगाने आकडे घातले आहेत, ते पुसू नयेत. कारखान्यातल्या टाकाऊ प्लायवूडपासून त्यांनी बनवलेला अवकाशस्थानकाचा नियंत्रणफलक त्या मालिकेच्या चाहत्यांच्या संमेलन समितीला द्यावा. त्यावरचं लाल बटण दाबलं की स्वयंपाकघरातला दिवा जातो. हे त्यांना आधीच सांगावं.

५. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची चौकट त्याच प्लायवूडची आहे. ती कुणाला द्यावी हे ठरत नाही. शेनने ठरवावं.

६. आता टेपेविषयी. हे कलम लांबेल.

'फार मूरिंग' ही मालिका पुष्कळांनी पाहिलेली नसेल. १९६९ सालची, काळी-पांढरी, अवकाशाच्या पार टोकाला यानं लागतात अशा एका धक्क्याची गोष्ट. तेव्हा टेप महाग होती, म्हणून जुने भाग पुसून त्यावर दुसरं काही घेत. अकरावा भाग असाच गेला. त्याची चित्रं कुठेच नाहीत. आवाज तेवढा उरला, कारण बारा वर्षांच्या डॅडनी मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीसमोर खुर्चीवर ठेवला होता.

दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रिडलिंग्टनच्या समुद्रकाठच्या हॉटेलात मालिकेचे चाहते जमतात. दुपारी पडदे ओढून अकरावा भाग ऐकवतात. तीनशे माणसं डोळे मिटून बसतात. सतराव्या मिनिटाला एका बाईचा आवाज येतो: "दार लावून घे गं, वारा येतोय आत." त्या क्षणी सगळं सभागृह तिच्याबरोबर हे वाक्य म्हणतं. ही बाई आधीच्या किंवा नंतरच्या कुठल्याच भागात नाही. तिला 'द्वारपालीण' म्हणतात. तिच्यासारखा करडा झगा घालून आणि कमरेला किल्ल्या लावून दरवर्षी सहा-सात जणी येतात, त्यांतले दोन पुरुष असतात. अवकाशात वारा कुठून आला, यावर समितीचे अध्यक्ष नायजेल प्रेविट यांचा सोळा पानी लेख आहे. लेख चांगला आहे.

ती द्वारपालीण नाही. ती माझी आजी, एनिड हॅडलसी. डॅडनी घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलं होतं, पण आठ वर्षांची मॉरीन आत्या परसातून आत आली आणि दार उघडंच टाकलं. आजी तिला ओरडली. पुढच्या मार्चमध्ये आजी वारली. तिचा आवाज दुसऱ्या कशावरही नाही.

हे डॅडनी मला इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात सांगितलं. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले.

"आत्याला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिनं टेप मागितली असती."

"मग द्यायची होती."

"दिली नसती गं मी. म्हणूनच सांगितलं नाही."

आत्याचं लग्न १९८४ च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी झालं. त्याच दिवशी पहिलं संमेलन होतं आणि टेप पहिल्यांदा ऐकवायची होती. डॅड लग्नाला गेले नाहीत. आत्याला आईवडील दोघंही नव्हते, तिचा हात धरून चर्चमध्ये न्यायला सख्खा भाऊ तेवढा होता. शेवटी ती काम करायची त्या दुकानाच्या मालकाने नेलं. डॅडनी आयुष्यभर एवढंच सांगितलं, की शब्द दिला होता. आत्या म्हणायची, "सख्ख्या बहिणीपेक्षा याला चांदीचा कागद प्यारा." मी लहानपणी डॅडची बाजू घेऊन आत्याशी भांडत असे. कॉलेजात असताना तिला 'अडाणी' म्हटलं. ते शब्द मी इथे परत घेते.

डॅड दरवर्षी तिसऱ्या रांगेत बसायचे. सगळे वाक्य म्हणायचे तेव्हा डॅडचे ओठ मिटलेले असायचे. मला वाटायचं, त्यांना कंटाळा आलाय.

यंदा नायजेल टेप स्वच्छ करून नव्या चित्रांसह प्रसिद्ध करणार आहेत. खोलीतले आवाज वेगळे काढता येतील असं यंत्र आता आहे. जुलैत ते घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि मूळ टेप मागितली. सोबत एक फॉर्म होता. कपबशी, कुत्रा, रस्त्यावरची गाडी, प्रत्येक आवाजापुढे दोन चौकोन: 'पडद्यावरचा' आणि 'खोलीतला'.

"खोलीतलं सगळं पुसायचं," ते म्हणाले. "लोकांना खरा भाग मिळायला हवा. तू तर अभिलेखागारातली, तुला काय सांगायचं?"

"आणि द्वारपालीण?"

"तेच तर. यंत्र म्हणतंय, तिचा आवाज मायक्रोफोनच्या मागून येतोय. मी म्हटलं, यंत्राला काय कळतंय! पण सही तुझी लागेल, पोरी. टेप तुमच्या घरची आहे."

मी घाईत आहे असं त्यांना सांगितलं. घाई नव्हती.

'पडद्यावरचा' वर खूण केली तर आजी राहते आणि मी खोटी नोंद करते. खोटी नोंद करायची नाही, हे मी तीन वर्षं शिकले आणि त्याच कामाचा पगार घेते. 'खोलीतला' वर खूण केली तर नोंद खरी होते आणि आजी पुसली जाते. मी सप्टेंबरभर तो चौकोन कोरा ठेवला. रोज जेवायच्या टेबलावर तो फॉर्म असायचा, मी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवायची. मग एकदा ताट विसळताना लक्षात आलं, की प्रश्न मला विचारलाय, पण वाक्य मला म्हटलेलं नाही. डॅडनाही नाही. ज्या एका माणसाला ते म्हटलं होतं, ते माणूस जिवंत आहे, इथून चार थांब्यांवर राहतं, आणि त्या माणसाला कुणी काही विचारलेलं नाही. छप्पन्न वर्षांत.

७. म्हणून, अकराव्या भागाची मूळ टेप, तिचे सर्व हक्क आणि डॅडनी पुढे विकत घेतलेला टेपरेकॉर्डर मी माझी आत्या मॉरीन पिकर्सगिल हिला देते. टेपेच्या डब्यात तो फॉर्म आहे. आज त्यावर मी 'खोलीतला' अशी खूण करून सही केली आहे. तो समितीला द्यायचा की नाही, टेप द्यायची की नाही, आवाज ठेवायचा की नाही, हे आत्याने ठरवावं. 'ठेवा' म्हणाली तर समितीने तो खोलीतला आवाज म्हणून, आजीच्या नावासह ठेवावा. 'नाही' म्हणाली तर शेनने किंवा नायजेलने तिला गळ घालू नये. नायजेल, तुमचा लेख तरीही चांगला आहे.

आमच्या देशात माणसामागे मृत्युपत्र दाखल झालं की कुणालाही वाचता येतं, हे मला ठाऊक आहे. ते वाचून द्वारपालिणींना वाईट वाटेल. त्यांनी झगे टाकू नयेत. तीनशे माणसं चाळीस वर्षं माझ्या आजीचं वाक्य बरोबर म्हणत आली आहेत, शब्दही इकडचा तिकडे न करता. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मंगळवारनंतर मी जागी झाले तर बाकीची कलमं पडून राहतील. सातवं मात्र मी स्वतः, चार थांबे बसने जाऊन, पुरं करीन. चालता येईल त्या दिवशी.

८. तिसऱ्या रांगेतली चौदा नंबरची खुर्ची डॅडच्या नावाने यंदाही राखलेली आहे. तिचं तिकीटही डब्यात आहे. आत्या, तू एकदा ये. तुला त्या लोकांचं हसू येईल, खुशाल हस. दुपारी दोनला पडदे ओढतात. तू उशिराच येशील, तू नेहमीच येतेस. सगळे डोळे मिटून बसलेले असतील, तुला कुणी बघणार नाही. मागचं दार समुद्राकडे उघडतं. आत आल्यावर ते उघडंच टाक आणि सतरावं मिनिट होईपर्यंत थांब.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. बरोबर आहे.

आमच्या दोघांच्या समोर कर्स्टी हॅडलसी हिने सही केली आणि तिच्या समोर आम्ही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. (डेरेक यांनी "एखादी पटाशी तरी?" असं विचारलं. पटाशी घेतली तर साक्षीदार होता येत नाही, हे समजावल्यावर त्यांनी सही केली.)

सही: कर्स्टी मे हॅडलसी

साक्षीदार:
१. हेदर मॉसक्रॉप, अभिलेखागारातील सहकारी
२. डेरेक यूल, शेजारी, निवृत्त बसचालक

स्थळ: हल, स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५