मुखवटेवाल्यांना दिलेली सलामी

सौ. सुमन हिस,

तू कापूस वेचून परत येईपर्यंत थांबण्याइतका अवकाश मजजवळ नाही, म्हणून लेखणी हाती घेतली.

तुझा भाऊ चंदन याच्या विनोदी सिनेमात अद्भुत शक्तीचे मुखवटेधारी वीर तिजोरी लुटावयास येतात व मी भोळा वॉचमन सलामी देऊन फाटक उघडतो, हे तुला विदित आहेच. काल दुपारी आमच्या जिनिंगवर, म्हणजे ज्या कापसाच्या मिलवर मी खराखुरा वॉचमन आहे तेथे, तेच मुखवटे घातलेले तिघे टेम्पो घेऊन आले. "रतिलालभाऊ, आज शेवटला सीन शे, उघडा लवकर!" एकाने असे म्हणताच मी कडक सलामी दिली. कॅमेरा कुठेच नाही, हे मिलच्या दोन विजेच्या मोटारी टेम्पोत चढवून ते निघून गेल्यावर ध्यानात आले. आता शेठ मलाच चोरांचा साथीदार समजतात.

तिघांपैकी एकाची चाल मात्र मी ओळखली. पडद्यावर उडता उडता घसरणारी चड्डी सावरून सबंध धरणगावला हसविणारा तुझा भाऊ काल खाली मान घालून माझी नजर चुकवीत होता. इतका वाईट अभिनय त्याने आजवर केलेला नाही.

मी पोलीस ठाण्यात जबाब देण्यास जात आहे. चंदन आला तर त्याला आधी जेवू घाल, मारू नकोस. मग मोटारींसह ठाण्यात पाठव. पाच वाजेपर्यंत मी फक्त मुखवट्यांचे वर्णन सांगत बसेन. त्याचे नाव माझ्या मुखातून निघण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या मुखातून निघावे, एवढीच प्रार्थना.

तुझा,
रतिलाल